कुणीतरी धरायला हवं

माझ्या धंद्यात स्थिरता फुकट मिळते. एखाद्या सुट्या भागावर किती ताण येईल, तो कुठे वाकेल, कुठे तडकेल, हे मी संगणकावर काढतो. भागाचं चित्र पडद्यावर आलं, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडले, की पहिलं काम म्हणजे तो कुठेतरी बांधून टाकणं. एक पृष्ठभाग निवडायचा, एक बटण दाबायचं. पडद्यावर त्या जागी बारीकशी खूण उमटते आणि तेवढा भाग हलायचा बंद होतो. मग वरून डोंगर टाका. हे न करता नुसतंच बळ लावलं तर संगणक गणित सोडवायला नकार देतो, आणि त्याचं बरोबरच असतं. मोकळ्या वस्तूला ढकललं तर ती निघून जाणार, तिच्यात ताण येणार कुठून? नवी मुलं कामावर आली की मी त्यांना हेच सांगतो, की बळ कुठे लावायचं ते मागाहून बघू, आधी धरलंय कुठे ते दाखव.

इतकी वर्षं म्हणून म्हणून या वाक्यातला जीव गेला होता. तो परत आला डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात, घराच्या गॅरेजमध्ये, एका बोल्टपुढे.

गाडी १९९९ सालची शेव्हरोले कॅमेरो. कॅनडात, क्वेबेक प्रांतातल्या सेंट-थेरेसच्या कारखान्यात बनलेली. तो कारखाना २००२मध्ये बंद झाला आणि त्याच्याबरोबर त्या पिढीची कॅमेरोही संपली. तिच्या पोटात एलएस१ नावाचं इंजिन आहे, ५.७ लिटरचं, आठ सिलिंडर, चार इकडे आणि चार तिकडे तिरके. हे इंजिन पहिल्यांदा १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आलं, तेव्हा जगातले बरेच कारखाने कॅमशाफ्ट डोक्यावर नेऊन बसवत होते. यांनी मात्र जुनाच रस्ता धरला. एकच कॅमशाफ्ट, तोही खाली ब्लॉकच्या मधोमध, आणि त्यानं लांब काड्यांमधून वरचे सोळा व्हॉल्व्ह उघडायचे. मोटारींवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींनी नाकं मुरडली. मला विचाराल तर त्यात शहाणपण होतं. डोक्यावरचं ओझं गेलं की इंजिन बुटकं होतं, हलकं होतं, कुठल्याही बॉनेटखाली मावतं.

त्या कॅमशाफ्टवर सोळा उंचवटे असतात. इंजिनाचा स्वभाव त्या उंचवट्यांच्या आकारात लिहिलेला असतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, सगळं तिथे. उंचवटे मोठे आणि रुंद केले तर वरच्या वेगात इंजिन मोकळा श्वास घेतं, पण उभ्या गाडीत ते अडखळायला लागतं, कारण आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी काही काळ उघडे राहतात आणि जळका वायू नव्या हवेत मिसळतो. धड धड-धड, धड धड-धड. इथल्या लोकांचा या अडखळण्यावर भारी जीव. १९९५पासून ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तेव्हा लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात, आणि डोळे मिटूनसुद्धा सांगतात की आता गेली तिच्यात कुठल्या जातीचा कॅम होता. आपल्याकडे तबल्याचा ठेका ऐकून घराणं ओळखणारे असतात, तसे हे.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मित्रांना सांगितलं की कॅम बदलतोय, घरीच. एकजण म्हणाला, "अरे, त्या पैशात विजेच्या गाडीचे हप्ते निघतील." दुसऱ्यानं काळजीनं विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?" याला उत्तर नाही. आयुष्यभर ज्या वस्तूंची गणितं केली त्यातली एक तरी हातानं उघडून बघावीशी वाटली, एवढंच.

कॅमशाफ्ट ब्लॉकमधून समोरच्या बाजूनं निघतो आणि तो चांगला हातभरापेक्षा लांब असतो. म्हणजे त्याच्या वाटेत जे जे येतं ते बाजूला काढावं लागतं. पंखे, रेडिएटर, पट्टा, पाण्याचा पंप. हे काम मजेत होतं. नळ्यांना चिकटपट्ट्या लावायच्या, बोल्ट खोक्यात वेगवेगळे ठेवायचे, गाणी ऐकायची. मग पुढचं झाकण. आणि झाकणाच्या पुढ्यात क्रॅंकशाफ्टच्या टोकावर बसलेली पुली, जिला बॅलन्सर म्हणतात. तिच्या मधोमध तो बोल्ट. दुरुस्तीच्या पुस्तकात त्याच्यासाठी एक ओळ आहे: बोल्ट काढा.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात मामांचं शेड होतं. ऊस आणि भाजीपाल्याला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं तिथे दुरुस्तीला येत. अंगानं अवाढव्य, चालीनं सावकाश. त्यांचं फ्लायव्हील शाफ्टवर नुसतं चढवलेलं नसे. शाफ्टला खाच, फ्लायव्हीलला खाच, आणि दोन्हींच्या मध्ये ठोकून बसवलेली पोलादी चावी. चावी आहे तोवर फ्लायव्हील शाफ्टला सोडून एकटं फिरूच शकत नाही. चावी छिन्नीनं मागे ठोकली की झालं मोकळं. माझ्या डोक्यात यंत्राचं लग्न म्हणजे हेच, चावीचं.

या एलएस१च्या बॅलन्सरला चावी नाही. खाच नाही, खुंटी नाही. शाफ्टवर दाबून बसवलेली पुली आणि तिला मागे रेटून धरणारा एक बोल्ट. बाकी सगळं घर्षणावर.

हे किती अवघड काम आहे ते आधी सांगतो. क्रॅंकशाफ्ट लांबून बघितला तर नुसता फिरताना दिसतो, पण तो पिळवटत फिरत असतो. एका सिलिंडरमध्ये भडका उडाला की शाफ्ट तिथे किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. आठ सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला असे चार भडके. मिनिटाला ६००० फेरे झाले तर सेकंदाला ४०० लाथा. या लाथांची लय शाफ्टच्या स्वतःच्या लयीशी जुळली तर शाफ्ट तुटतो. म्हणून पुढच्या टोकावर एक जड कडं रबरात बसवलेलं असतं. ते मागे राहतं, पुढे जातं, आणि लाथ रबरात जिरवतं. त्याच पुलीवरच्या पट्ट्यावर अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप आणि पाण्याचा पंप. हे सगळं एका बोल्टनं घट्ट दाबून धरायचं, आणि तेही गाडी चालेल तोवर.

बोल्ट १६ मिलिमीटर जाडीचा, डोकं २४चं, आट्यांचं अंतर २ मिलिमीटर. तो आवळायची रीत मला फार आवडते. आधी जुना बोल्ट लावून ३३० न्यूटन-मीटरनं आवळायचा, म्हणजे पुली पुरती जागेवर बसते. मग तो काढून फेकायचा. मग नवा लावायचा, फक्त ५० न्यूटन-मीटरनं. मग बळ मोजायचं सोडून द्यायचं आणि कोन मोजायचा: आणखी १४० अंश.

कोन का? तर पान्यावर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. उरलेला डोक्याखालचं आणि आट्यांमधलं घर्षण खाऊन टाकतं. तेलाचा एक थेंब कमीजास्त झाला की हिशेब चुकतो. कोनाला तेलाशी देणंघेणं नाही. पूर्ण फेऱ्याला बोल्ट २ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे १४० अंशांत पाऊण मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यातलं थोडं समोरच्या लोखंडाला दाबण्यात जातं, बाकीचं बोल्टला ताणण्यात. हा ताण मुद्दाम इतका ठेवलेला असतो की पोलाद आपली मूळ लांबी कायमची विसरतं. म्हणून तो बोल्ट एकदाच वापरायचा.

उद्यमनगरात बोल्ट अडला की मामा म्हणत, "रॉकेल सोड आणि चहा पिऊन ये." गंजलेल्या बोल्टला तो उपाय आजही लागू आहे. इथे गंज नव्हताच. आटे इंजिनाच्या आत, ठणठणीत आणि निरोगी. ज्याला मी हट्टी म्हणत होतो तो बोल्ट वीस वर्षांहून जास्त काळ, एकदाही न सुटता, सांगितलेलं काम करत होता. चहा पिऊन येण्यानं त्याच्यात काय फरक पडणार?

बळाचं मी कागदावर बघितलं. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर ३३० न्यूटन-मीटर म्हणजे ६७ किलोचा भार. सव्वा मीटरचा दांडा घेतला तर २७ किलो. चिकटून बसलेला बोल्ट सुटताना यापेक्षा बराच जास्त मागतो, तरी लांब नळी घातली तर एका माणसाच्या आवाक्यातलं काम. त्यासाठी इथले लोक गाडी उचलायच्या जॅकची पोकळ दांडी पान्यावर चढवतात. आमच्याकडे पाण्याची जीआय नळी असायची. भूगोल बदलला तरी नळी तीच.

नळी चढवली, अंगाचं वजन टाकलं. बोल्ट फिरला. पुलीसकट, शाफ्टसकट, आतल्या आठही पिस्टनांसकट फिरला. इंजिनानं एक सुस्कारा सोडला.

फिरण्यासाठीच जी वस्तू घडवली, बेअरिंगवर तेलाचा थर देऊन जिला बोटानं ढकललं तरी हलेल अशी केली, तिच्या टोकाचा बोल्ट काढायचा तर तिनं अजिबात फिरता कामा नये. बोल्ट सोडवणं हा प्रश्नच नव्हता.

पहिला उपाय सगळे सांगतात तो: गाडी गिअरमध्ये टाका आणि कुणालातरी ब्रेक दाबायला बसवा. गिअर वरचा हवा, सहावा. पहिल्या गिअरमध्ये क्रॅंकवरचं बळ चाकांपर्यंत जाताना कितीतरी पटींनी वाढतं आणि मग ब्रेकला ते धरवत नाही. सहाव्यात ब्रेकवर सर्वांत कमी भार येतो. लेक ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेकला मदत करणारी निर्वात टाकी दोनचार दाबांत रिकामी झाली आणि पेडल दगड झालं.

मी दांड्यावर वजन टाकलं. दांडा खाली आला, चांगला दोन वीत. मनात म्हटलं, सुटला. वजन काढलं तर दांडा तितकाच वर. बोल्ट जागच्या जागी.

मग ते बळ गेलं कुठे? क्लचच्या तबकडीत छोट्या स्प्रिंगा असतात, त्या दबल्या. गिअरच्या दातांमधली पोकळी भरली. मागे जाणारा लांब शाफ्ट पिळला. डिफरन्शियलच्या दातांमधली पोकळी भरली, मग दोन्ही ॲक्सल पिळले, मग टायरांचं रबर मुरडलं. प्रत्येकानं थोडं थोडं घेतलं आणि सगळ्यांचं मिळून दोन वीत झालं. यातला कुणीच दगाबाज नव्हता. गाडीतल्या माणसांना धक्के बसू नयेत म्हणूनच या गोष्टी लवचीक केलेल्या असतात. पण चिकटलेल्या बोल्टला हळूहळू वाढत जाणारा रेटा सोसतो. त्याला हवा असतो ताठ, एकदम येणारा. बळाची वाट जितकी लांब आणि मऊ, तितकं ते वाटेतच जिरतं.

एक गोष्ट मात्र त्या लांब वाटेनं माझ्यापर्यंत येत होती. लेकीचा पाय थकला की दांडा हाताखाली किंचित सैल व्हायचा.

"बाबा, मी दाबतेय की नाही ते तुला तिथून कळतंय?"

"कळतंय. आत्ता सोडलास."

"ओ माय गॉड," ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं.

पुलीचं बाहेरचं कडं पट्ट्यानं किंवा साखळीनं आवळून धरा असं काहीजण सांगतात. ते करू नये. ते कडं रबरावर तरंगतंय, त्याला धरणं म्हणजे रबराला फाडणं. दुसरी एक युक्ती आहे ती ऐकूनच मला आनंद झाला होता: स्पार्क प्लग काढायचा आणि त्या भोकातून सिलिंडरमध्ये नायलॉनची दोरी भरायची. पिस्टन वर यायला लागला की दोरीचा बोळा छताशी दाबला जातो आणि शाफ्ट थांबतो. मात्र आपण बोल्ट सोडवताना शाफ्ट उलटा फिरतो, तेव्हा पिस्टन शिखर ओलांडून थोडा खाली उतरलेला हवा, आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. एखादा उघडा राहिला तर दोरी त्याला वाकवते. ज्या खोलीत पेट्रोलचा भडका उडतो तिथे दोरी कोंबायची ही कल्पना कुणाला पहिल्यांदा सुचली असेल? त्या माणसाला भेटायला हवं. इथे मात्र एवढा मोठा भार दोरीवर टाकायचं मनात येईना.

मग हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन. तिच्या बाबतीत लोकांचा समज असा की ती फार ताकदवान असते म्हणून बोल्ट काढते. खरं कारण निराळं आहे. तिच्या आत एक हातोडी गरगर फिरत ऐरणीवर घाव घालते. घाव इतका क्षणिक असतो की तेवढ्यात जड क्रॅंकशाफ्टला हलायला वेळच मिळत नाही. शाफ्टचं जडत्वच त्याला जागेवर धरतं. गनला मदतनीस लागत नाही, कारण ती वस्तूलाच आपली मदतनीस करून घेते. पण बोल्टच्या डोक्यावर बसणारी गोटी आणि गन यांच्यामध्ये लांब जोडदांडी घातली की ती दांडीच पिळते आणि घाव बोल्टपर्यंत पोचेतो बोथट होतो. बॅलन्सरच्या खोलगट पोटात बसलेल्या त्या बोल्टपर्यंत जायला मला जोडदांडी लागतच होती. गन बराच वेळ खडखडली. शेजाऱ्यांना कळलं, बोल्टला नाही.

त्या खडखडाटानंच पलीकडच्या घरातले शेजारी आले. सत्तरी ओलांडलेले, इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त, आणि बोलणं इतकं मोजकं की त्यांच्याशी गप्पा म्हणजे आपणच बोलायचं. त्यांनी वाकून बघितलं आणि तरुणपणीची गोष्ट सांगितली. तेव्हा सगळे पान्याचा दांडा गाडीच्या चौकटीला टेकवून ठेवत आणि स्टार्टरला एक झटका देत. इंजिन फिरू बघतं, दांडा त्याला अडतो, बोल्ट सुटतो. धरायला जमीन, फिरवायला स्टार्टर. माणूस मधून गेलाच. मला ही युक्ती आवडत नाही. दांडा निसटला तर तो कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. मी तसं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि आपल्या उजव्या हाताच्या एका बोटाकडे बघितलं. जास्त विचारलं नाही.

ते घरी गेले आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक पोलादी तुकडा घेऊन आले. मुठीत मावेल एवढा. एका बाजूला दोन भोकं, दुसऱ्या बाजूला दोनचार दात. स्टार्टर काढायचा आणि त्याच्याच बोल्टांनी त्या जागी हा तुकडा बसवायचा. त्याचे दात फ्लायव्हीलच्या दातांत अडकतात. ज्या जागी बसून स्टार्टर इंजिनाला फिरवतो, नेमक्या त्याच जागी बसून हा त्याला फिरू देत नाही.

गाडीखाली आडवा होऊन मी स्टार्टर काढला. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं, त्यामुळे त्या बोल्टांना मात्र मामांचा चहाचा उपाय लागला. तुकडा बसवला. हातानं फ्लायव्हील हलवून बघितलं. दात दातांना भिडले, आणि पुढे काही नाही.

मी स्वतः पहिली सुट्टी मामांच्या शेडमध्ये घालवली ती धरण्यातच. नव्या पोराला पाना देत नसत. फ्लायव्हीलच्या आऱ्यांमध्ये लाकडाचा ओंडका अडकवून तो दोन्ही हातांनी दाबून धरायचा, आणि मेस्त्री कनेक्टिंग रॉडचे नट सोडवणार. मामांचा नियम होता की धरणाऱ्यानं नटाकडे बघायचं नाही. आपल्या हातांकडे बघायचं. नटाकडे बघितलं की तो सुटायच्या क्षणी अंग दचकतं आणि ओंडका निसटतो. त्यामुळे शेडमध्ये इतके उन्हाळे काढून मी एकही नट सुटताना बघितला नाही, फक्त ऐकला. संध्याकाळी शेतकरी यायचा, इंजिन सुरू व्हायचं, मेस्त्रीला चहा आणि शाबासकी. ओंडक्याचं नाव कुणी घेत नसे, आणि त्यात काही चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. नटाला दोन बाजू असतात आणि त्यातली एक माझ्याकडे आहे, एवढं पुरत होतं. पृथ्वी हलवायची भाषा करणाऱ्या ग्रीक गणितज्ञानंसुद्धा तरफेआधी उभं राहायला जागा मागितली होती म्हणतात. लोकांनी तरफेची तेवढी चित्रं काढली.

आता मात्र पाना माझ्याकडे होता. गोटी बोल्टवर पुरती बसली आहे ना ते बघितलं, जोडदांडीखाली टेकू दिला म्हणजे ती तिरपी होऊ नये, जॅकची दांडी चढवली. बळाची वाट आता आखूड होती: बोल्ट, शाफ्ट, फ्लायव्हीलचा दात, तो तुकडा, ब्लॉक. पुढे इंजिनाचे रबरी माउंट थोडं लवणारच, पण टायर-ॲक्सल-क्लच सगळे या भानगडीतून बाहेर. फ्लायव्हीलची त्रिज्या वीतभर, म्हणजे त्या दोनचार दातांवर आता दोनशे किलोंच्या आसपास भार येणार होता. मी वजन टाकलं. दांडा थोडा खाली आला आणि थांबला. या वेळी तो थांबला हे हाताला निराळं लागलं, ताठ, तळ सापडल्यासारखं. लेक पेडलवरून उतरून बघायला आली होती. शेजाऱ्यांनी तिला खांद्याला धरून दांड्याच्या रेषेतून बाजूला उभं केलं.

अजून थोडं वजन. मग आवाज झाला.

तुटण्याचा आणि सुटण्याचा आवाज एकच असतो. ज्यांनी बोल्ट काढलेत त्यांना माहीत आहे. पोटात जो खड्डा पडतो तो दोन्हींत सारखाच, आणि पुढचे काही क्षण आपण दांड्याकडे न बघता उभे असतो. स्थिर घर्षण मोडलं की सरकतं घर्षण त्याहून कमी असतं, म्हणून सुटलेला बोल्ट झटक्यानं सुटतो. मी दांडी काढून नुसत्या पान्यानं फिरवून बघितलं. फिरला. पुली जागेवरच होती, शाफ्ट जागेवर होता, फक्त बोल्ट फिरत होता. थोड्या वेळानं तो बोटांनी बाहेर आला, लांबलचक, आट्यांना काळसर तेल.

"एवढाच?" लेक म्हणाली.

त्यापुढचं काम नाजूक. तीन पायांच्या पुलरनं बॅलन्सर ओढून काढला, झाकण काढलं, साखळी काढली. पण कॅमशाफ्ट ओढण्याआधी त्याच्यावर बसलेले सोळा टॅपेट वर उचलून ठेवायला हवेत, नाहीतर ते वाटेत पडतात. या इंजिनात त्यासाठी डोकी उघडावी लागत नाहीत. टॅपेट प्लॅस्टिकच्या पेट्यांमध्ये चपखल बसतात. कॅमशाफ्ट काही फेरे फिरवला की त्याचेच उंचवटे एकेकाला वर सारतात आणि ते घर्षणानं तिथेच अडकून राहतात. ज्याला बाहेर जायचंय तोच आपली वाट मोकळी करून जातो. मग त्याच्या तोंडाला लांब बोल्ट लावून मूठ केली आणि श्वास रोखून इंच इंच ओढला. बेअरिंगला ओरखडा उठला तर सगळा उपद्व्याप फुकट. इथे जोर म्हणजे शत्रू.

नव्या कॅमबरोबर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडणार. म्हणून अखेर ती दोरी माझ्याही कामी आली. एकेका सिलिंडरमध्ये भरायची, पिस्टन हलकेच वर आणायचा, दोरी व्हॉल्व्हला खालून टेकू देते. मोजून पाहिलं तर या साऱ्या उद्योगात सोडवण्याची कामं थोडी होती. बाकी सगळं, हे पडू नये म्हणून धर, ते फिरू नये म्हणून धर.

बोल्ट परत आवळताना तो पोलादी तुकडा काढून उलटा बसवला, कारण आता त्याला दुसऱ्या दिशेनं अडवायचं होतं. जुना बोल्ट, ३३० न्यूटन-मीटर, पुली जागेवर. तो काढून नवा. ५० न्यूटन-मीटर. मग लेकीनं पांढऱ्या पेननं बोल्टच्या डोक्यावर एक रेघ मारली आणि कोनमापकानं पुलीवर १४० अंशांवर दुसरी. दांड्यावर मी, रेघांवर तिची नजर. शेवटच्या टप्प्यात पोलाद ताणलं जाताना हाताला कळतं: जोर वाढेनासा होतो आणि बोल्ट मात्र फिरत राहतो, मऊसर. ज्या ताणाच्या सीमेचा आलेख मी रोज पडद्यावर बघतो ती सीमा अशी लागते हाताला.

"थांब. थांब, बाबा. झालं."

रेडिएटर चढवला, पाणी भरलं, स्टार्टर परत त्याच्या जागी गेला. गॅरेजचं दार पूर्ण उघडून चावी फिरवली. दोन-तीन फेरे नुसतेच, मग इंजिन पेटलं आणि उभ्या जागी अडखळायला लागलं. धड धड-धड. आरसे थरथरत होते. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अरे, एवढं सगळं करून बिघडलीच ना शेवटी?"

शेजाऱ्यांना मराठी येत नाही, पण या वाक्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला असावा, कारण मी त्यांना एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. हसू आवरल्यावर त्यांनी फडकं पुढे केलं. तुकडा पुसून त्यात ठेवला. पुढच्या गल्लीत कुणाच्या तरी ट्रकमध्ये याच घराण्याचं इंजिन आहे आणि तिथेही हाच बोल्ट अडलाय म्हणे. त्यांनी तिथे उभ्या उभ्या फोन लावला, पलीकडच्याचं बरंच लांबलेलं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "आधी स्टार्टर काढून ठेव. मग मी येतो."